कम्युनिटी कॉलेजात ऑनर्स घ्यावं का? लेकाच्या अनुभवावरून सांगते

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि चार वर्षांपूर्वी आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर हेच बोलणं कितीतरी रात्री चाललं होतं ते आठवलं. तुमच्या लेकीला हवं ते यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचा कॅम्पस) मिळालं नाही, आता सप्टेंबरअखेर डी अँझा या कम्युनिटी कॉलेजात जाणार, दोन वर्षं तिथे करून मग यूसीला ट्रान्सफर घेणार, तिथल्या ऑनर्स प्रोग्रॅमचा, म्हणजे जरा वरच्या पातळीच्या क्लासचा, अर्ज करायचं तिच्या मनात आहे, आणि तिचे बाबा म्हणतायत कशाला उगाच अवघड क्लास, साधे घे, ४.० जीपीए (सगळे ए) ठेव आणि दोन वर्षांत बाहेर पड. माझं मत आधीच सांगून टाकते, घेऊ द्या तिला. फक्त ट्रान्स्क्रिप्टवर ऑनर्स दिसावं एवढ्यासाठी घेणार असेल तर तेवढ्यासाठी नको.

तिच्या बाबांची भीती निराधार नाहीये. हायस्कूलात एपीच्या (कॉलेजच्या पातळीच्या क्लासच्या) ए ला पाच पॉइंट मिळायचे ना, तसं इथे काही नाही. कॉलेजच्या ऑनर्स क्लासचा ए म्हणजे चारच, आणि बी आला तर तो साध्या क्लासच्या बी इतकाच लागतो, यूसी ट्रान्सफरचा जीपीए काढताना वरचं काही देत नाही. पण ऑनर्स म्हणजे परीक्षा दुप्पट अवघड असं जे आपल्या डोक्यात असतं ते आमच्या अनुभवात तरी खरं निघालं नाही. लिहायला जास्त, बोलायला जास्त, आणि वर्गात मुलं कमी. आमच्या लेकाच्या साध्या इंग्लिशच्या सेक्शनला तीसेक मुलं होती, ऑनर्सच्या सेक्शनला सोळा. सोळा मुलांत मागच्या बाकावर लपता येत नाही, हीच त्यातली अवघड गोष्ट आणि हीच चांगली.

एक प्रसंग सांगते म्हणजे मी काय म्हणतेय ते कळेल. त्याने दुसऱ्या सेमिस्टरला ऑनर्सचा लेखनाचा क्लास घेतला, विषय आपापला निवडायचा होता. त्याने घेतल्या इथल्या बागा. कॉम्प्युटर चिप्सच्या आधी ही सगळी सँटा क्लारा व्हॅली, म्हणजे आताची सिलिकॉन व्हॅली, म्हणजे ॲप्रिकॉट आणि प्रूनच्या बागा आणि फळं डबाबंद करायचे कारखाने होते, सनीव्हेलला कम्युनिटी सेंटरच्या शेजारी ॲप्रिकॉटची एक बाग अजून जपून ठेवलीये, तिथे मी त्याला तीन शनिवार सोडायला गेले. पहिल्या मसुद्यात त्याने लिहिलं होतं की टेक कंपन्यांनी इथली शेती संपवली. प्रोफेसरबाईंनी 'संपवली' या शब्दाभोवती पेन्सिलने गोल काढला आणि समासात लिहिलं, कोणी, कधी, आणि तुला कशावरून कळलं? पोरगा धुसफुसत घरी आला, म्हणाला सगळ्यांनाच माहितीये ते, याला काय पुरावा द्यायचा. मग आठवडाभर लायब्ररीत बसला, जुने विमानातून काढलेले फोटो, शेतीच्या जनगणनेचे आकडे, महायुद्धानंतर घरं कशी वाढत गेली, रस्ते कधी झाले, आणि त्या एका वाक्याची चार पानं झाली. वाक्य शेवटी काढूनच टाकलं त्याने. मी त्याला बारा वर्षं शाळेत बघितलं होतं, पण स्वतःचं वाक्य खोडताना पहिल्यांदा बघितलं.

हा खरा फायदा, आणि तो पुढे अर्जातही कामी आला. यूसीच्या ट्रान्सफर अर्जात चार छोटे निबंध असतात, प्रत्येकी ३५० शब्दांच्या आत, त्यातला एक सगळ्यांना सक्तीचा असतो, तुमच्या मेजरसाठी, म्हणजे मुख्य विषयासाठी, तुम्ही काय तयारी केलीत. ज्या मुलांनी नुसते क्लास संपवलेत त्यांना तिथे क्लासची यादीच लिहावी लागते. याच्याकडे ती बाग होती. यूसी शिफारसपत्रं सरसकट मागत नाही, पण स्कॉलरशिपना आणि बऱ्याच खासगी युनिव्हर्सिट्यांना ती लागतात, आणि तीस मुलांच्या वर्गातल्या प्रोफेसरला तुमच्या मुलीबद्दल दोन ओळींपलीकडे लिहिता येईल का याचा विचार करा.

आता टॅप आणि टॅग, यूसीला ट्रान्सफर घेण्याच्या दोन योजना. तुम्ही दोन्ही एकच समजताय असं प्रश्नावरून वाटलं, नावं सारखी असल्याने बऱ्याच जणांचं होतं. टॅग म्हणजे प्रवेशाची हमी, अटी पूर्ण केल्या तर. ती सहा यूसी देतात, डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ, एकाच ठिकाणी करता येते आणि अर्ज सप्टेंबरात असतो. बर्कली, यूसीएलए आणि सॅन डिएगो टॅग देत नाहीत. टॅप हा फक्त यूसीएलएचा (लॉस एंजेलिसच्या यूसीचा) आणि तो ऑनर्समधूनच येतो, म्हणजे कॉलेजचा ऑनर्स प्रोग्रॅम पूर्ण केला आणि कॉलेजने तसं कळवलं की यूसीएलएच्या लेटर्स अँड सायन्स कॉलेजात अर्जाचा प्राधान्याने विचार होतो, आणि पहिल्या मेजरला नाही जमलं तर दुसरं पर्यायी मेजरही देता येतं. प्राधान्य, हमी नाही. तरी यूसीएलएला ट्रान्सफरच्या अर्जांतला अलीकडे साधारण चारातला एकच आत जातो हे बघता प्राधान्यालाही किंमत आहे. दोन्ही एकत्र चालतात, आमच्याने डेव्हिसला टॅग केलं आणि यूसीएलएला टॅपमधून अर्ज केला.

पण इथे एक खूप महत्त्वाचं. लेकीला सायकॉलॉजी किंवा कॉग्निटिव्ह सायन्स करायचंय म्हणताय, ती दोन्ही लेटर्स अँड सायन्समध्येच आहेत, तर टॅप तिला लागू. तिच्या बाबांच्या मनात कॉम्प्युटर सायन्स आहे, ते यूसीएलएला इंजिनिअरिंग स्कूलमध्ये येतं, आणि तिथे टॅपचा उपयोग नाही. मॅथ फिजिक्सची लांबलचक यादी आणि वर ऑनर्स असं दोन वर्षांत करताना मुलांच्या तोंडाला फेस येतो. म्हणून घरात आधी मेजरचं बोला. ऑनर्सचं त्यानंतर.

आमची एक मोठी चूक सांगते, तुमच्याकडून होऊ नये. कॉलेजचं नाव घेत नाही. तिथल्या एका काउन्सेलरने लेकाला सांगितलं की अमुक स्टॅटिस्टिक्सचा क्लास चालेल, त्याने घेतला, ए मिळवला, आणि दुसऱ्या वर्षी सप्टेंबरात टॅग भरताना कळलं की त्याच्या मेजरला तो चालतच नाही. एक उन्हाळा त्यात गेला. असिस्ट डॉट ऑर्ग या सरकारी साइटवर तुमचं कॉलेज, जायचं ते यूसी आणि मेजर टाकलं की कुठला क्लास कशाच्या बदल्यात धरतात ते दिसतं, फुकट आहे, लेकीला दर टर्मच्या रजिस्ट्रेशनआधी स्वतः बघायची सवय लावा आणि त्याची पीडीएफ सेव्ह करून ठेवा. काउन्सेलरला भेटायचंच, पण पीडीएफ हातात घेऊन. आणि ऑनर्स पूर्ण झाल्याचं कॉलेजने यूसीएलएला आपोआप कळवलं असेल असं धरून चालू नका, ऑनर्सच्या कोऑर्डिनेटरकडे त्याचा फॉर्म कधी भरायचा ते पहिल्याच महिन्यात विचारा.

वेळेचं गणित पण बघा. यूसीचा अर्ज ऑक्टोबर नोव्हेंबरमध्ये, म्हणजे तिचं दुसरं वर्ष जेमतेम सुरू झालेलं असेल. डी अँझा क्वार्टर सिस्टिम, प्रत्येक क्वार्टर बाराएक आठवड्यांची, मिडटर्म येईपर्यंत निम्मी संपलेली असते. त्यामुळे ऑनर्स पुढच्या वर्षी बघू असं म्हणून चालत नाही. पण पहिल्या क्वार्टरला एकच घेऊ दे, तोही लिहिण्याचा किंवा सोशल सायन्सचा, कॅल्क्युलस आणि केमिस्ट्री एकत्र असेल त्या क्वार्टरला नको. काही कॉलेजांत साध्या क्लासमध्येच प्रोफेसरशी ठरवून जादा प्रोजेक्ट करायचं आणि तो क्लास ऑनर्समध्ये धरायचा अशीही सोय असते, तिच्याकडे आहे का ते विचारा, कारण हवा तो ऑनर्स सेक्शन दर क्वार्टरला असेलच असं नाही. बऱ्याच ठिकाणी ऑनर्सच्या मुलांना रजिस्ट्रेशन इतरांच्या आधी करता येतं, तेही विचारा, सायन्सच्या लॅबना जागा मिळवताना याचा फार उपयोग होतो.

एच-फोरचं, म्हणजे आईबाबांच्या नोकरीच्या व्हिसावर मुलांना मिळणाऱ्या व्हिसाचं, विचारलंत. एच-फोरवरच्या मुलांना कॅलिफोर्नियाचे रहिवासी धरलं जाऊ शकतं, राज्यात वर्षाहून जास्त राहिल्याची कागदपत्रं लागतात, आणि मग डी अँझाची फी युनिटला (क्रेडिटला) ३१ डॉलर पडते. सेमिस्टरच्या कॉलेजांत ४६. ऑनर्सची वेगळी फी आम्हाला तरी पडली नाही. पण ती २१ ची कधी होतेय ते आजच कॅलेंडरवर लिहा, एच-फोर तिथे संपतो. तोवर ग्रीन कार्ड आलं नाही तर एफ-वन (विद्यार्थी व्हिसा) करावा लागेल, आणि एफ-वनवर क्वार्टरला १२ युनिट ठेवावेच लागतात, मग ऑनर्सचा क्लास जड गेला म्हणून मध्येच सोडून देणं तितकं सोपं राहत नाही. हे वकिलाशी बोला, माझ्या शब्दावर जाऊ नका.

आणि शेवटी जे तुम्ही कंसात लिहिलंय, नाशिकला घरच्यांना काय सांगायचं. ताई, मला कळतं ते. माझ्या सासूबाईंनी इथल्या कुणाकडून तरी 'ज्युनिअर कॉलेज' ऐकलं आणि त्यांना वाटलं नातवाला परत अकरावीत बसवलं, दोन दिवस त्या नीट जेवल्या नाहीत. आपल्याकडे ज्युनिअर कॉलेज म्हणजे अकरावी बारावी, त्यांचं काय चुकलं. मी त्यांना व्हिडिओ कॉलवर सांगितलं की आई, हे पदवीचं पहिलं आणि दुसरं वर्षच आहे, तिसऱ्या वर्षाला तो मोठ्या युनिव्हर्सिटीत जाईल आणि पदवीवर त्या युनिव्हर्सिटीचंच नाव असेल. मग त्याने त्यांना तो बागांचा निबंध मराठीत समजावून सांगितला, अर्धं इंग्रजी अर्धं मराठी, आणि त्यांनी त्यांच्या माहेरच्या द्राक्षबागेचं विचारलं, पाणी कुठून यायचं इथल्या बागांना. तो प्रश्न त्याच्या निबंधात नव्हता. पुढच्या मसुद्यात होता.

लेकीला म्हणावं कोऑर्डिनेटरला याच आठवड्यात स्वतः ईमेल कर, आईच्या अकाउंटवरून नको. आणि पहिल्या क्वार्टरचे क्लास ठरले की इथे टाका, कुठला आधी घ्यावा ते आपण मिळून बघू.