टाकी धुवू नका, पाणी बदला : मासे पाळणाऱ्यांचे प्रश्न

या वेळी पत्रं खूप आली आणि निम्म्याहून जास्त पत्रांत एकच दुःख आहे, "एवढी स्वच्छता ठेवतो तरी मासे मरतात". म्हणून पहिल्या उत्तराला जास्त जागा दिलीय, बाकीच्यांनीही ते वाचा, कारण पुढच्या उत्तरांमध्ये त्याचा संदर्भ येणार आहे.

प्रश्न : दोन फुटी टाकी आणून तीन आठवडे झाले. सहा गोल्डफिश आणले होते, आता दोन उरलेत. मी दर रविवारी मासे बादलीत काढून टाकी, खडे, फिल्टरचा स्पंज सगळं नळाखाली स्वच्छ धुते, पूर्ण पाणी नवीन भरते. रात्री मोटर बंद करते. मुलगी रोज रडते. कुठे चुकतंय? (गृहिणी, सांगली)

ताई, तुमचं चुकतंय ते धुण्यातच, पण हे तुम्हाला कुणी सांगितलंच नसणार, दुकानदार टाकी विकतो, खडे विकतो, मासे त्याच दिवशी पिशवीत बांधून देतो आणि विषय संपतो. मी स्वतः पहिली दोन वर्षं अगदी हेच करत होतो आणि एका पावसाळ्यात माझ्या सगळ्या मोली (छोटे रंगीत मासे) गेल्या, तेव्हा कळलं.

गोष्ट अशी आहे. मासा कल्ल्यातून सतत अमोनिया सोडतो, त्याची विष्ठा आणि उरलेलं खाणं कुजूनही अमोनियाच होतो. हा अमोनिया माशाला विष आहे आणि पाणी कितीही काचेसारखं दिसत असलं तरी तो त्यात असू शकतो, डोळ्यांना दिसत नाही. नदी-तळ्यात काही जिवाणू हा अमोनिया खाऊन त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच, मग दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात, ते त्यामानाने बरंच निरुपद्रवी. आपल्या टाकीत हे जिवाणू पाण्यात कमी आणि फिल्टरच्या स्पंजवर, खड्यांवर, काचेवर चिकटून जास्त राहतात. नवीन टाकीत ते पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तुम्ही दर रविवारी स्पंज आणि खडे नळाच्या क्लोरीनवाल्या पाण्यात धुता, म्हणजे सहा दिवसांत जे थोडे जमले तेही जातात आणि सोमवारी टाकी परत पहिल्या दिवसावर येते. शिवाय मोटर बंद केली की स्पंजमधून पाणी फिरायचं थांबतं, जिवाणूंना ऑक्सिजन मिळत नाही. छोटा फिल्टर साधारण पाच वॅटचा असतो, चोवीस तास चालवला तरी महिन्याला चार युनिटसुद्धा होत नाहीत, तो कधीच बंद करू नका.

आता लगेच काय करायचं ते सांगतो. उरलेल्या दोघांना दोन दिवस खायला घालू नका, काही होत नाही त्यांना. रोज फक्त पाव पाणी काढा आणि तेवढंच नवीन घाला, नवीन पाण्यात अँटीक्लोरीनचे थेंब टाकून मगच. बरेच जण पाणी बादलीत एक दिवस उघडं ठेवतात, त्याने साधा क्लोरीन उडून जातो, पण काही ठिकाणी पाण्यात क्लोरामिन (क्लोरीनचाच टिकाऊ प्रकार) असतं ते असं उडत नाही, म्हणून थेंब बरे. कुणा ओळखीच्यांची जुनी, निरोगी माशांची टाकी असेल तर त्यांच्या फिल्टरच्या स्पंजचा तुकडा मागून आणा आणि ओलाच तुमच्या फिल्टरमध्ये घाला, महिन्याचं काम आठवड्यावर येऊ शकतं. विरजणासारखंच आहे हे. अमोनिया आणि नायट्राइट मोजायचं टेस्ट किट मिळतं ते घ्याच, दोन्ही शून्य यायला लागले की टाकी तयार झाली समजा. त्यानंतर आठवड्यातून एकदा पाव पाणी बदलायचं, नळीने खड्यांतली घाण ओढून घ्यायची, आणि स्पंज घाण झाला तर टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात दोन-तीनदा पिळून परत लावायचा, बस.

अजून एक, सहा गोल्डफिश तुमच्या टाकीत मावतच नाहीत. दोन बाय एक बाय एक फुटात काठोकाठ भरलं तर ५५-५६ लिटर, खडे आणि वरची रिकामी जागा सोडली तर जेमतेम ४५. गोल्डफिश दुकानात दोन इंचांचा दिसतो पण नीट ठेवला तर सात-आठ इंच होतो, दहा-पंधरा वर्षं जगतो आणि घाणही खूप करतो. त्यामुळे आहेत त्या दोघांवर थांबा आणि वर्षभरात मोठ्या टाकीचं बघा. मुलीला सांगा की तिचे दोन मासे वाचू शकतात, आणि चिमूटभर खाणं घालायचं काम तिलाच द्या, दोन मिनिटांत संपेल एवढंच.

प्रश्न : माझ्याकडे निळा फायटर आहे, तो काचेच्या गोल भांड्यात आहे. पाण्यावर खूप बुडबुड्यांचा फेस करतो, आजारी आहे का? आणि थंडीत तळाशी नुसता बसून राहतो. त्याला एकटं वाटत असेल का? (इयत्ता सातवी, चिपळूण)

फेस म्हणजे आजार नाही गं, ते घरटं आहे! फायटरचा नर तोंडाने एकेक बुडबुडा सोडून घरटं बांधतो, मादीने अंडी घातली की ती तोंडात धरून त्या बुडबुड्यांत नेऊन ठेवतो आणि खाली पडली तर परत उचलून ठेवतो, पिल्लांची राखण तोच करतो. तुझा मासा मादी नसतानाही बांधतोय, तयारीचा आहे.

फायटर मूळचा थायलंडकडचा, भातशेतीतल्या उथळ, उबदार पाण्यातला. त्याच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर एक खास अवयव असतो, त्यामुळे तो वर येऊन थेट हवेतून श्वास घेऊ शकतो. यामुळेच लोकांना वाटतं की त्याला वाटीभर पाणी पुरतं, पण पुरत नाही, तो फक्त मरत नाही लवकर. त्याला २४ ते २८ अंश पाणी लागतं, जानेवारीत रात्री पाणी त्याच्या खाली जातं म्हणून तो तळाशी बसतो. आईबाबांना सांग, पंधरा लिटरची छोटी टाकी, अगदी हळू वाहणारा स्पंज फिल्टर, छोटा हीटर, आणि वर झाकण, कारण हे उडी मारतात. त्याच्या आधी वरचं सांगलीचं उत्तर त्यांना वाचून दाखव. एकटेपणाची काळजी करू नकोस, त्याला एकटंच राहायला आवडतं, दुसरा नर आणलास तर दोघं एकमेकांना फाडतील. दिवसातून दोनदा तीन-तीन दाणे. पोहे, पोळी काही नको, तो किडे खाणारा आहे.

प्रश्न : मे महिन्यात आमच्या टाकीतले मासे दुपारी वर येऊन तोंड उघडझाप करतात. लाइट गेली की अजून वाईट. बर्फ टाकला तर चालेल का? (नागपूर)

थेट बर्फ नको, तापमान एकदम खाली गेलं की माशाला धक्का बसतो. मासे वर येतात कारण गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, २५ अंशाला लिटरमध्ये साधारण आठ मिलिग्रॅम तर ३५ अंशाला सातच्या आसपास, आणि उलट उष्णतेने माशाचं शरीर जास्त ऑक्सिजन मागतं. विदर्भात एक फायदा आहे जो मुंबईकरांना नाही, तुमची हवा कोरडी. जसा तुमच्याकडे कूलर झकास चालतो तसाच उपाय टाकीलाही लागू पडतो, झाकण काढून जाळी ठेवा आणि पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका वारा लागेल असा छोटा टेबल फॅन लावा, पाणी उडतं आणि टाकी दोन-तीन अंश थंड होते. उडालेलं पाणी रोज भरायचं, पण साप्ताहिक पाणी बदल चुकवू नका, कारण पाणी उडालं तरी क्षार आतच राहतात. फिल्टरचं तोंड पृष्ठभागाजवळ आणा म्हणजे पाणी खळखळेल. दुपारी टाकीचा दिवा बंद, खाणं निम्मं. लाइट जाण्यासाठी बॅटरीवरचा एअर पंप आणून ठेवा, तोही नसेल तर दर दहा मिनिटांनी मगने टाकीतलंच पाणी घेऊन वीतभर उंचीवरून परत सोडत राहा, कंटाळवाणं आहे पण यानेच मासे वाचतात.

प्रश्न : मोलीच्या अंगावर रव्यासारखे पांढरे ठिपके आलेत, औषधाने गेले आणि परत आले. (नाशिक)

औषध लवकर थांबवलंत. हे ठिपके एका परजीवीचे आहेत, तो त्वचेखाली असेपर्यंत औषध त्याला लागत नाही, तो गळून तळाशी जातो, तिथे फुटून शेकडो पिल्लं पाण्यात पोहायला लागतात, औषध मारतं ते फक्त या पोहणाऱ्यांना. म्हणून शेवटचा ठिपका गेल्यावरही आठवडाभर चालू ठेवा. पाणी रोज एक-दीड अंश करत ३० पर्यंत न्या म्हणजे त्याचं चक्र भरभर फिरतं, सोबत एअर स्टोन (पंपाची हवा बारीक बुडबुड्यांनी सोडणारा दगड) चालू हवाच. फिल्टरमध्ये कार्बन असेल तर काढा, तो औषध शोषून घेतो. आणि पुढच्या वेळी नवीन मासा आणलात की आधी दोन-तीन आठवडे वेगळ्या टबात.

प्रश्न : बदली झालीय, टाकी विकतोय. एक फूटभर सकर आणि पन्नासेक गप्पी आहेत. मारवत नाहीत, रंकाळ्यात सोडून द्यावेत असं घरच्यांना वाटतं. (कोल्हापूर)

कृपा करून सोडू नका. भावना चांगली आहे हे कळतं, पण सकर दक्षिण अमेरिकेतला, अंगावर हाडाची चिलखतासारखी कवचं, त्यामुळे त्याला खाणारं आपल्याकडे फारसं कुणी नाही, घाण पाण्यात कमी ऑक्सिजनवरही जगतो, काठाला बिळं करून अंडी घालतो. उजनीच्या पाण्यातही तो पोचलाय, जाळ्यात आला की काटे अडकून जाळी फाटते आणि नुकसान त्या मच्छीमाराचं होतं. गप्पी तर छोटे, पण त्यांची मादी एका मिलनावर काही महिने पिल्लं देत राहते. पालिका डासांसाठी गप्पी सोडते ते बंद टाक्यांत, हौदांत ठीक आहे, तळ्यात-नदीत नाही. आपल्या सह्याद्रीत अजूनही नवे मासे सापडतायत हो, आंबोलीला हिरण्यकेशीच्या देवळाजवळच्या पाण्यात २०२० मध्ये एक छोटा नवा मासा नोंदवला गेला, २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. तो मासा एवढ्याशा जागेत राहतो, अशा ठिकाणी कुणी प्रेमाने दोन गप्पी सोडले तरी काय होईल याचा विचार करा.

सकर मोठी टाकी असलेल्या कुणाला द्या, नाहीतर दुकानदाराला फुकट परत द्या, बरेच जण घेतात. गप्पी शेजारच्या मुलांना वाटून टाका, कुंडीतल्या कमळातही छान राहतात. आणि त्यातले आठ-दहा सोबत न्यावेसे वाटले तर ते जमतं. आदल्या दिवशी उपाशी ठेवा, पिशवीत एक भाग पाणी आणि दोन भाग हवा, पिशवी थर्माकोलच्या डब्यात. फिल्टरचा स्पंज मात्र धुऊन वाळवू नका, टाकीच्याच थोड्या पाण्यात ओला ठेवून हवा खेळेल अशा उघड्या डब्यात घेऊन जा, नव्या गावात पोचलात की आधी तो लावा, मग मासे सोडा.