दोघींची गॅलरी: चित्रकाराचे पैसे आधी बाजूला काढा

तुम्ही दोघी कॉलेजपासूनच्या मैत्रिणी, पुण्यात चित्रांच्या गॅलरीसाठी ४५० चौरस फुटांचा गाळा बघून ठेवलाय, पैसे निम्मे-निम्मे घालणार आहात आणि मैत्रीत भागीदारीच्या कराराचा विषय कसा काढायचा म्हणून अडून बसला आहात. मी आणि माझी भागीदार ११ वर्षं अशीच छोटी गॅलरी चालवतोय. करार कराच, आणि पहिल्या प्रदर्शनाची तारीख ठरवण्याआधी करा.

लेखी काही नसलं तर १९३२ चा भागीदारी कायदा तुमच्या वतीने सगळं ठरवून टाकतो. नफा-तोटा समसमान. एक जण रोज दहा तास गॅलरीत बसली आणि दुसरी फक्त शनिवारी आली, तरी समसमान, आणि बसणारीला कामाचा मोबदला मागता येत नाही. फर्मचं सगळं कर्ज कुणाही एकीकडून वसूल होऊ शकतं. फर्मची नोंदणी नसेल तर पैसे बुडवणाऱ्या गिऱ्हाइकावर फर्मच्या नावाने दावाही लावता येत नाही. एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी, केली तर घरदार सुरक्षित राहतं, पण दरवर्षीची कागदपत्रं वाढतात. हे सीएकडे बसून एका दुपारी ठरेल.

पण माझा जीव तुटतो तो वेगळ्याच गोष्टीसाठी. आमच्या तिसऱ्या वर्षी एका तरुण शिल्पकाराचं ब्राँझ १,८०,००० रुपयांना गेलं. आमचं ठरलेलं निम्मं-निम्मं, म्हणजे ९०,००० त्याचे. तेव्हा आमचं एकच चालू खातं होतं, सगळे पैसे त्यातच यायचे. त्याच आठवड्यात गाळ्याचं भाडं थकलेलं होतं. माझ्या भागीदाराने ते त्यातून भरलं, कारण आठवड्याभरात दुसरं एक मोठं पेमेंट यायचं होतं. ते चार महिने आलं नाही. त्या मुलाच्या डोक्यावर ओतकामाची उधारी होती. एके दिवशी त्याने मला फोन केला आणि अगदी दबक्या आवाजात विचारलं, ‘मॅडम, गिऱ्हाइकाने पैसे दिले का हो?’ मी म्हणाले, ‘अजून नसतील दिले.’ मला खरंच माहीत नव्हतं. संध्याकाळी पासबुक बघितलं आणि कळलं, मी त्याच्याशी खोटं बोलले होते.

त्या रात्री आम्ही कडाडून भांडलो. तिची नियत वाईट नव्हती, पण ते पैसे आमचे नव्हतेच. दुसऱ्या दिवशी सोन्याच्या बांगड्या गहाण ठेवून आम्ही त्याचे ९०,००० दिले आणि वेगळं खातं उघडलं. विक्रीची रक्कम आली की कलाकाराचा वाटा त्याच दिवशी तिथे जातो. त्या खात्याला दोघींच्या सह्या लागतात, त्यातून भाडं-वीज कधीच भरायची नाही, आणि १५ दिवसांत पैसे कलाकाराच्या हातात. विक्री झाली त्याच दिवशी त्याला किंमत, सवलत आणि त्याचा वाटा लिहून पाठवायचा. बाकीचा करार तुम्हाला हवा तसा करा, हे कलम मात्र जसंच्या तसं घ्या.

सवलतीचंही आधीच ठरवा. संग्राहक १० टक्के कमी करा म्हणणारच. ती सवलत गॅलरी आणि कलाकार निम्मी-निम्मी सोसणार की एकटी गॅलरी, हे कलाकाराशी केलेल्या कागदावर हवं. ‘घरी लावून बघतो’ म्हणून कुणी चित्र नेलं तर माल नेल्याच्या पावतीवर सही आणि परतीची तारीख घ्या, ओळखीचा असला तरी. विकलेल्या चित्राचा कॉपीराइट आपोआप गिऱ्हाइकाकडे जात नाही, हेही बिलावर छापा. जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून चित्रांवर १२ वरून ५ टक्के झालाय. बिल कुणाच्या नावाने फाडायचं, हे मात्र सीएला विचारूनच ठरवा.

कलाकार कोण निवडणार? दोघींचा समान वाटा म्हणजे एकीचा होकार, एकीचा नकार आणि भिंती रिकाम्या. आम्ही वर्षाची सहा प्रदर्शनं वाटून घेतली: दोन तिची, दोन माझी, दोन एकमताने. तिच्या दोनांत मी बोलत नाही. गेल्या वर्षी तिने जुन्या गोणपाटांवर काम करणारी एक मुलगी निवडली. एकही काम विकलं गेलं नाही. मला ते प्रदर्शन फसलं असं अजूनही वाटतं, तिला अजिबात वाटत नाही. वाटणी तशीच चालू आहे.

भाड्याचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारायला हवं होतं. चित्रविक्रीवर भाडं निघेल असं धरून चालू नका. मुंबईत केकू आणि खोर्शेद गांधी या दांपत्याने १९६३ साली जहांगीर आर्ट गॅलरीच्या पहिल्या मजल्यावर केमोल्ड गॅलरी सुरू केली, त्याआधी कित्येक वर्षं त्यांचा फ्रेमचा व्यवसाय होता. हुसेन, आरा या चित्रकारांची चित्रं त्या फ्रेमच्या दुकानात लागायची. नवी कला खपेपर्यंत घर चालवणारं काहीतरी हाताशी लागतं. आमच्याकडेही मागच्या खोलीत फ्रेमिंग चालतं. लग्नाचे फोटो, पदव्या, आजोबांची तसबीर, सगळं घेतो. भाड्याचा मोठा भाग त्यातूनच निघतो आणि आमच्या कलाकारांना आम्लमुक्त माउंट, म्हणजे कागद पिवळा न पाडणारा चित्राभोवतीचा पुठ्ठा, रास्त दरात मिळतो.

एवढ्यावरून एक आठवलं. तुम्ही गाळा मार्चमध्ये बघितलाय. सही करण्याआधी जुलैत, दोन दिवस सलग पाऊस झाल्यावर पुन्हा जा आणि मागच्या भिंतीला तळहात लावून बघा. ओल असेल तर कागदावरची कामं तिथे आठवडाभरही ठेवता येणार नाहीत, बुरशीचे ठिपके धरतात आणि ते पूर्ण निघत नाहीत. आमच्या पहिल्या गाळ्यात अशी तीन जलरंग चित्रं गेली. त्यांची भरपाई आम्ही वर्षभर हप्त्यांनी फेडत होतो.