भरत आलेली एसएसडी

प्रश्न : माझ्या लॅपटॉपची एसएसडी (माहिती साठवणारी चिपची डिस्क) १२८ जीबीची असूनही विंडोज ११९ जीबीच दाखवते आणि त्यातही जेमतेम ४ जीबी मोकळी आहे. काय करावे? (एक वाचक, वाशी)

उत्तर : जागा कोणी गिळलेली नाही, कंपनी १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरते, तर विंडोज १०२४ च्या पटीत मोजते, म्हणून तिचा जीबी मोठा असतो आणि आकडा कमी दिसतो. एसएसडीमध्ये लिहिलेल्या जागी थेट पुन्हा लिहिता येत नाही, आधी पूर्ण ब्लॉक (जागेचा मोठा गट) पुसावा लागतो, त्यामुळे मोकळी जागा संपत आली की जुनी माहिती इकडून तिकडे हलवण्यातच वेळ जाऊन एसएसडी मंदावते. माझ्या मते निदान १५ जीबी मोकळी असावी. हायबरनेट (रॅममधले चालू काम डिस्कवर साठवून लॅपटॉप बंद करण्याची सोय) वापरत नसाल तर ते बंद करावे. ८ जीबी रॅम असल्यास त्याची फाइल साधारण ३ जीबी अडवते. लग्नाचे व्हिडिओ (ते प्रत्येकाकडे असतातच) बाहेरच्या हार्ड डिस्कवर हलवावेत.