‘बटर पावभाजी’तलं बटर नापास झालं, तर?

पुण्यातल्या एका वाचकांचं पावभाजीचं छोटं हॉटेल आहे. अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांनी उघड्या डब्यातून ‘बटर’चा नमुना नेला. अहवाल आला ‘कमी दर्जा’चा: दुधाची स्निग्धता (फॅट) नगण्य, तिळाचं तेल ओळखणारी बोदोइन चाचणी होकारार्थी. माल डीलरचा, बिलावर ‘बटर’ लिहिलेलं. मग नोटीस मला का, असं ते विचारतात.

नोटीस येणारच, कारण विकलंत तुम्ही. अहवालाची प्रत मिळाल्यापासून ३० दिवसांत पदनिर्देशित अधिकाऱ्यांकडे (अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांचे वरिष्ठ) अपील करता येतं. ते मान्य झालं, तर राखून ठेवलेला नमुना फेरतपासणीसाठी रेफरल प्रयोगशाळेत जातो आणि तिचा निकाल अंतिम असतो.

पण अपिलाची घाई करू नका. आधी त्या मालाचं वेष्टन शोधा. टेबल बटरमध्ये किमान ८० टक्के दुधाची स्निग्धता लागते. टेबल मार्जरीनमध्ये, म्हणजे खाद्यतेलापासून केलेल्या लोण्यासारख्या पदार्थात, मात्र निदान ५ टक्के तिळाचं तेल घालणं कायद्यानेच बंधनकारक केलंय, ते लोण्यात मिसळलं तर पकडता यावं म्हणून. हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फरफ्युरल घातलं की ते तेल लालसर रंग दाखवतं. तुमच्या अहवालातली बोदोइन हीच.

वेष्टनावर ‘मार्जरीन’ छापलं असेल, तर अहवाल खरा आहे आणि अपिलाचे पैसे वाया जातील. शिवाय मेनूकार्डावरचं ‘बटर’ अंगाशी येईल. एका पदार्थाच्या नावाने दुसरा विकणं म्हणजे मिथ्याछाप. अन्न सुरक्षा आणि मानके कायद्याचं कलम ५२, दंड ३ लाखांपर्यंत. (कमी दर्जासाठी कलम ५१, ५ लाखांपर्यंत.) अशा वेळी डीलरकडे बोट दाखवून फारसं काही साधणार नाही.

वेष्टनावरही ‘बटर’ असेल, तर चित्र पालटतं. कलम २६(४) प्रमाणे डीलरचं बिल हीच दर्जाची लेखी हमी मानली जाते, वेगळा हमीपत्राचा कागद नसला तरी. बिल, बॅच क्रमांक आणि वेष्टनाचा फोटो जोडून लेखी उत्तर द्या आणि डीलरवरही कारवाई करावी अशी स्पष्ट मागणी करा. बिलावरचा माल आणि डब्यातला माल एकच, हे मात्र तुम्हालाच दाखवावं लागेल. आचाऱ्याने दोन पाकिटं एकाच डब्यात ओतली असतील, तर अवघड आहे.

प्रकरण दंड ठरवणाऱ्या न्यायनिर्णय अधिकाऱ्यांपुढे गेलं, तर कलम ४९ खाली तुम्हाला झालेला फायदा, चूक पुन्हा पुन्हा झाली का आणि ती अजाणता झाली का, हे बघूनच रक्कम ठरते. छोट्या विक्रेत्यांसाठी कलम ६९ ची तडजोडही आहे, म्हणजे ठरावीक रक्कम भरून प्रकरण मिटवणं, कमाल १ लाख रुपये. तुम्ही त्यात बसता का, हे पदनिर्देशित अधिकाऱ्यांना लेखी विचारा. मेनूकार्ड मात्र सुनावणीआधीच दुरुस्त करा आणि नवी प्रत उत्तरासोबत जोडा.