खाणी परत सुरू, टिप्पर घ्यावा का?

प्रश्न: नमस्कार सर, आमचा गाव गोव्यातल्या डिचोली तालुक्यात, लोखंडाच्या खाणपट्ट्यात. घरचा टिप्पर (खनिज वाहणारा ट्रक) होता, 2012 ला खाणी बंद पडल्या, हप्ते थकले नि तो विकावा लागला. आता लिलाव होऊन खाणी परत चालू होतायत तर मुलगा म्हणतो नवा घेऊया. सगळे जागतिकीकरणाला शिव्या घालतात पण चायनाने ओअर (लोखंडाचं खनिज) उचललं म्हणूनच आमच्या घरावर स्लॅब पडला ना? मग शाश्वत विकास म्हणजे काय, खाणी बंदच ठेवायच्या?
– एक वाचक, डिचोली

उत्तर: बंदच ठेवा असं कोण म्हणतंय! चायनाचं तुमचं खरंच आहे, गोव्याच्या कमी ग्रेडच्या ओअरला देशात फारसं गिऱ्हाईक नव्हतं, आधी जपानने घेतलं मग चायनाने. पण भाव आपल्या हातात होता का? 62 टक्के लोखंड असलेल्या ओअरला 2011 च्या सुरुवातीला टनामागे 180 डॉलरच्या वर मिळत होते, 2015 संपताना 40 च्या आसपास, आणि आपलं ओअर तर त्याहून हलकं. म्हणजे 2012 ला सुप्रीम कोर्टाने खाणी थांबवल्या नसत्या तरी 2015 पर्यंत हप्ते थकायची वेळ येऊ शकली असती, पण खापर फोडायला कोर्ट बरं पडतं.

शिवाय टनभर ओअरसाठी अडीच-तीन टन माती उपसतात, ती डंपवरून (टाकाऊ मातीच्या ढिगावरून) पावसात वाहत येऊन शेतात बसते, खड्ड्यातलं पाणी पंपाने सतत काढतात म्हणून आजूबाजूच्या विहिरी आटतात, आणि हा खर्च ओअरच्या भावात कुणी धरत नाही, गाव भरतो.

काजू दरवर्षी लागतो, ओअर एकदा बोटीत चढलं की संपलं. शाश्वत विकास म्हणजे तो पैसा कमाईत धरायचाच नाही, जमीन विकून आलेल्या पैशासारखा जपायचा. सुप्रीम कोर्टाने 2014 मध्ये वर्षाला 2 कोटी टनांची मर्यादा घातली नि विक्रीचे 10 टक्के पुढच्या पिढ्यांसाठी पर्मनंट फंडात टाकायला लावले. नॉर्वे तेलाच्या फंडातून वर्षाला साधारण 3 टक्केच काढतं, मूळ रकमेला हात नाही. आपले 10 टक्के मला फारच कमी वाटतात, पण निदान त्यांचा हिशोब तरी ग्रामसभेत मागा.

टिप्पर घ्यायचाच तर सेकंडहँड घ्या, आणि हप्ता एवढाच ठेवा की सहा महिने खाण बंद राहिली तरी घरातून भरता येईल, पावसाळ्यात तसंही काम नसतंच.