जमीन एवढी पडली आहे, तरी नागपुरात घर काहून परवडत नाही

भाऊ, तुझा प्रश्न वाचला. मिहानमध्ये (विमानतळाजवळचा कंपन्यांचा प्रकल्प) ५५ हजार पगार, मनीषनगरला टू बीएचके ५० लाखाला सांगितला, आणि नागपूर काही मुंबई नाही, चारी बाजूला जमीन मोकळी पडली आहे तर घर काहून परवडत नाही असं तू विचारलं. मी बरीच वर्षं आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशा मंजुरीची कामं करून राहिलो म्हणून जरा लांबलचक लिहितो.

आधी तुझा हिशोब. ३० ते ७५ लाखाच्या लोनसाठी बँक जास्तीत जास्त ८० टक्के देते, रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे. म्हणजे ४० लाख लोन, साडेआठ टक्क्यानं २० वर्षांचा हप्ता ३४,७०० च्या आसपास. बाकी १० लाख तुझ्या खिशातून, वरून स्टॅम्प ड्युटी, त्यात मेट्रोचा १ टक्का, रजिस्ट्रेशनचे ३० हजार. बांधकाम सुरू असलेला फ्लॅट असेल तर किंमत ४५ लाखाच्या वर गेल्यामुळे जीएसटी १ नाही, ५ टक्के, म्हणजे अजून अडीच लाख. दोघं कमावते असले तरी माणूस इथेच अडकते, हप्ता नंतरची गोष्ट.

आता जमिनीचं. जमीन आहे, पण घर बांधता येईल अशी जमीन कमी आहे. बेसा, पिपळा, हुडकेश्वरकडे चक्कर मार, लेआउटमागून लेआउट दिसतील, चार कोपऱ्यांवर सिमेंटचे खांब, काटेरी तार, आत बाभळी, पावसाळ्यात गुडघाभर पाणी. निम्म्यांचं एनए (शेतीची जमीन घरासाठी वापरायची परवानगी) झालेलं नाही, काहींची आरएल (नासुप्रचं, म्हणजे नागपूर सुधार प्रन्यासचं रिलीज लेटर) नाही, गटार नाही, नळ नाही. शेतकऱ्यानं विकलं, कोणीतरी चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पाडले, लोकांनी स्वस्त म्हणून घेतले. मग असे प्लॉट नियमित करायला गुंठेवारी कायदा आला २००१ मध्ये, आणि नासुप्रचे ते ५७२ आणि १९०० लेआउट तर प्रत्येक नागपूरकराला पाठ आहेत, त्यातल्या लोकांनी डिमांड (नियमित करायचे पैसे) भरली आणि रस्त्यासाठी वर्षानुवर्षं वाट पाहिली. ह्याचा परिणाम असा की ज्या जमिनीचे कागद साफ आहेत आणि समोर रस्ता-पाणी आहे त्यावर सगळे तुटून पडतात, भाव तिथला वाढते आणि बिल्डर तो भाव तुझ्या फ्लॅटमध्ये टाकते. सिमेंट-लोखंड महाग झालं हे खरं, पण ते मनीषनगरला आणि बुटीबोरीला सारखंच लागते, फरक पडते तो जमिनीचा.

दुसरं कारण आपल्याच घराघरात आहे आणि ते मला फार खटकते. नागपुरात पैसा आला की माणूस प्लॉट घेऊन ठेवते. मिहानची बातमी आली की वर्धा रोडवर, समृद्धी महामार्ग झाला की तो जिथून सुरू होते त्या शिवमडक्याकडे. राहायचं कोणालाच नसते. महापालिका मोकळ्या प्लॉटवर कर घेते पण भाव ज्या वेगानं चढते त्याच्यापुढे तो काहीच नाही, मग कोण कशाला विकेल. आणि ज्याला खरंच राहायचं आहे तो १५ किलोमीटर बाहेर जाऊन पेट्रोल जाळते. बंद फ्लॅटचं पण तसंच, २०११ च्या जनगणनेत देशातल्या शहरांत १ कोटी १० लाख घरं रिकामी निघाली होती, भाडेकरू निघणार नाही ह्या भीतीनं लोक कुलूप लावून ठेवतात.

उपाय काय? माझ्या मते पहिला म्हणजे अहमदाबादनं केलं तशी टीपी (टाउन प्लॅनिंग) स्कीम. सगळ्यांची जमीन एकत्र घ्यायची, रस्ते, गटार, बगीचा, गरिबांच्या घरांची जागा काढायची आणि उरलेले प्लॉट मालकांना परत द्यायचे. आपल्या राज्याच्या १९६६ च्या एमआरटीपी (नगररचना) कायद्यात ही सोय आहेच. रस्ता आधी, घर मागून, एवढं जरी झालं तरी साफ जमीन वाढेल. दुसरं, सोयी असलेल्या लेआउटमध्ये पाच-सात वर्षं रिकाम्या पडलेल्या प्लॉटवर दरवर्षी चढता कर. एकच प्लॉट असलेल्या पेन्शनरला सूट द्या, पण दहा-दहा घेऊन बसलेल्यांना नको. तिसरं, मेट्रोच्या दोन्ही बाजूंना ५०० मीटरपर्यंत ४ एफएसआयची (म्हणजे प्लॉटच्या चारपट बांधकामाची) सोय केली आहे, तिथे मोठ्ठे फ्लॅट नाही तर ४००-५०० स्क्वेअर फुटाचे निघाले पाहिजे, कारण मेट्रोची गरज त्याच लोकांना आहे. नुसती एफएसआय वाढवली तर जमिनीचा मालकच गब्बर होते. ४००० चौरस मीटरच्या वरच्या प्लॉटवर २० टक्के छोटी घरं ठेवायचा नियम आहे, तो कडक पाळला पाहिजे.

तुझ्यापुरतं सांगतो. ५० लाखाचा नाद सोड, ३५ लाखाच्या आत पाहा. पीएमएवाय (प्रधानमंत्री आवास योजना) २.० मध्ये वर्षाचं कुटुंबाचं उत्पन्न ९ लाखापर्यंत, घर ३५ लाखापर्यंत, लोन २५ लाखापर्यंत आणि देशात कुठेही पक्कं घर नावावर नसेल तर व्याजात १ लाख ८० हजारांपर्यंत सबसिडी आहे, वहिनीच्या ट्यूशनचे पैसे धरून बसते का ते पाहून घे. घर फक्त वहिनीच्या नावानं घेतलं तर स्टॅम्प ड्युटीत १ टक्का सूट. रेडी पझेशनचा, कंप्लिशन झालेला घेतला तर जीएसटी लागत नाही. आणि कोणी बेसाचा प्लॉट "आरएल होऊन जाईल" म्हणून गळ्यात मारत असेल तर टोकनसुद्धा देऊ नको, आधी सातबारा, एनए आदेश आणि मंजूर लेआउटचा नकाशा माग. कागद हातात आले की मौजा (गाव) आणि खसरा (जमिनीचा) नंबर इथेच लिही, काय काय तपासायचं ते मी सांगतो.