स्मार्टवॉच किंवा रिंग घालून हार्मोन्स कळतात का? मला पीसीओएस (हार्मोन बिघडून पाळी अनियमित होण्याचा त्रास) आहे, जळगावला राहते, घ्यावं का?

नाही ताई, दुकानात मिळणारं घड्याळ किंवा रिंग हार्मोन मोजतच नाही, ती झोपेत त्वचेचं तापमान आणि नाडी बघते आणि त्यावरून अंदाज लावते. मी लॅबमध्ये काम करते म्हणून सांगते, ओव्ह्युलेशननंतर, म्हणजे बीज बाहेर पडल्यावर, प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन वाढतं, त्याने अंगाचं तापमान साधारण 0.3 ते 0.5 अंश सेल्सिअस चढतं, एवढाच धागा घड्याळाकडे असतो. आता आपल्याकडे मे महिन्यात पारा 44-45 ला, आज कूलरसमोर झोपलो, उद्या गच्चीवर, मग तो अर्धा अंश शोधणार कुठून? घामातून खरंच हार्मोन मोजायचं काम चालू आहे, अमेरिकेतल्या कॅलटेक विद्यापीठाच्या टीमने 2023 मध्ये एस्ट्राडिओल हे स्त्री-हार्मोन मोजणारा सेन्सर दाखवला, पण घामात ते इतकं कमी असतं की मोजणं भयंकर किचकट. तुमच्या केसमध्ये एलएच (ओव्ह्युलेशन घडवणारं हार्मोन), टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन), टीएसएच (थायरॉइडची तपासणी) हे रक्तातूनच बघावं लागतं. हां, पाळीच्या तारखा आणि झोपेची नोंद ठेवायला घड्याळ बरं आहे, डॉक्टरांना दाखवता येतं, फक्त पीसीओएसमध्ये पाळीच मागेपुढे होते त्यामुळे पुढच्या तारखेचं भाकीत चुकतं, आणि गर्भनिरोधासाठी तर त्याच्या भरवशावर अजिबात राहू नका.